सतरा चित्रांची चाल

८ जुलै, मंगळवार

शाळेची टाचणवही शुद्ध मराठीत लिहा लागते. उद्दिष्टे, अपेक्षित वर्तनबदल, अन् काय काय. ती लिहिता लिहिता तोंड आंबून गेलं. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात मी बोलतो तसाच लिहीन, कोणी तपासाले येणार नाही.

तर मी, रुपराव गजभिये, वय बावन्न, आजपासून हिंगणा रोडवरच्या एका शाळेत नववीले ग्राफिक डिझाइन अन् ॲनिमेशन शिकवाले लागलो. तासिका तत्त्वावर. वीस वर्षं दुकानाच्या पाट्या रंगवल्या. मंग फ्लेक्स आला, तर पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर फ्लेक्स केले. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली. आता दुकान पुतण्या पाह्यते. हेडमास्तर मधुसूदन सर म्हणाले, "गजभियेजी, पुस्तकातून शिकवणारे ढीगभर भेटतात. मले हातानं काम केलेला माणूस पाहिजे." मी भल्ला फुगलो. घरी सांगतलं तर सिंधू म्हणे, "जास्त फुगू नका जी, पोट्टे टाचणी लावतात."

लावलीच. पहिल्याच तासाले पियूष नावाच्या पोट्ट्यानं विचारलं, "सर, तुम्ही नेत्यायचे दात पांढरे केले काय कधी?" म्हटलं, हो, केले. दातही केले अन् चेहरेही गोरे केले. तासभर दुसरं काही शिकवलं नाही, पण वर्ग खूश होता.

२२ जुलै, मंगळवार

पोट्टे चौतीस, कॉम्प्युटर चौदा, चालू अकरा. एका मशीनवर तिघं बसतात अन् माउससाठी भांडतात. माउसनं चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीनं अक्षर लिहिण्यासारखं आहे, तरी पोट्टे काढतात.

आज वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर पलटवाले लावली. चेंडू उडाला. मांजर उडाली. पियूषनं मुख्याध्यापक उडवले, ते पान मी फाडून खिशात ठेवलं. चांगलं काढलं होतं म्हणून ठेवलं, हे त्याले सांगतलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

माणसाची चाल शिकवली. माझं सूत्र फळ्यावर लिहून दिलं: पावलं दोन, चित्रं बारा. बारा चित्रं झाली का माणूस पुन्हा पहिल्या जागेवर येते, अन् तीच बारा फिरवत राह्यली का तो जलमभर चालते. पियूषले वर्गात चालवलं, बाकीच्यायनं पाह्यलं. तो मॉडेलसारखा चालला, तर दोनदा दटावा लागलं.

मागच्या मशीनवर मयुरा नावाची एक पोट्टी आहे. काही बोलत नाही. बाकी दोघी गप्पा मारतात, ही तेवढ्यात माउस घेऊन काढत बसते. हात चांगला आहे. रेघ थरथरत नाही. मले माझे पाटीचे दिवस आठवले.

९ सप्टेंबर, मंगळवार

डिसेंबरात जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. विषय आला: 'माझं घर'. एका मिनिटाची फिल्म पाहिजे. बहुतेकायनं कौलारू घर, डोंगर अन् नारळाचं झाड काढलं. म्हटलं, काय बे, हिंगण्यात नारळाचं झाड कोठी पाह्यलं तुम्ही?

मयुरानं घर काढलंच नाही. तिची गल्ली काढली. कोपऱ्यावर कंपनीची बस थांबते, एक माणूस उतरते, हातपंपावरून पुढं चालत येते, शेवटी दार उघडते. बस्स. मले आवडलं. माणूस मात्र पाठमोरा. म्हटलं, चेहरा काहून नाही? म्हणे, "चेहरा नाही जमत सर." म्हटलं, जमन, मी शिकवतो. तर ती पुन्हा माउसकडे वळली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मयुराच्या माणसाची चाल चुकली आहे. डावा पाय उशिरा पडते. उजवा हात असा बाहेर फेकते, जसं फाटक ढकलून राहिला. चित्रं मोजली तर सतरा! म्हटलं, "बाई, मी काय शिकवलं? बारा. सतरा कुठून आले?"

"सर, तो असाच चालते."

"कोण?"

"तोच. फिल्ममधला."

आता चित्रातला माणूस आपण चालवू तसा चालते. तो काय सांगाले येते? पण वाद घातला नाही. म्हटलं, सुधरव.

४ ऑक्टोबर, शनिवार

कुही गावचे पाहुणे आज गेले. धम्मचक्र दिनाले दरसाल येतात, तीन दिवस घर गजबजते. माझ्या मेव्हण्याले सांगतलं, मी आता सर आहो. तो म्हणे, मंग माझ्या दुकानाच्या बोर्डावर आडनावाचा रंग उडाला, तो कोण मारन? हसलो, पण थोडं लागलं.

मयुरानं चाल सुधरवली नाही. तेच सतरा. उलट आता पाय अजूनच उशिरा पडते अन् खांदाही वर जाते. मी रागावलो. वर्गासमोर म्हटलं, "अशी फिल्म पाठवली तर परीक्षक म्हणतीन गजभिये सराले दोन पावलं शिकवता येत नाही." तिनं मान खाली घातली, पण माउस सोडला नाही. जिद्दी आहे. बापावर गेली असन.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी संपली. सोमवारी हेडमास्तर सर फिल्मा तपासणार. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी लॅबमधी एकटाच थांबलो अन् साऱ्यायच्या फायली पाह्यल्या. पियूषच्या फिल्ममधी कुत्रा घरमालक आहे. छान.

मंग मयुराची उघडली. इतकी सुंदर गल्ली, पंपाचं पाणी टपकते तेही काढलं, अन् मधातून हा लंगडत चालणारा माणूस. जीव तळमळला. माऊलीनं इतकी मेहनत केली अन् एका पायापायी नंबर जाईन. बसलो. पाच चित्रं उडवली. बाकीची सरळ केली. खांदा खाली घेतला, हात आवरला. दोन तास लागले. आता काय झोकात चालते माणूस! फौजेतला वाटते. त्याच फाईलवर सेव्ह करून दिलं. दुकानातली माझी सवयच तशी आहे, एका गिऱ्हाइकाची एकच फाईल. जुनं-नवं ठेवलं का घोळ होते.

सोमवारी पाहीन तर खूश होईन पोट्टी.

१० नोव्हेंबर, सोमवार

खूश झाली नाही.

फिल्म लावली. पाह्यली. पुन्हा लावली. मंग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, हे कोण होय?"

म्हटलं, तुझाच माणूस, मी थोडा सरळ केला. "जुनी फाईल कुठी आहे?" म्हटलं, तिच्यावरच सेव्ह केलं. तिनं स्टार्टपासून सारे फोल्डर पाह्यले. कचऱ्याचा डबा पाह्यला. घंटी झाली, पोट्टे गेले, ती पाहातच राह्यली. मंग नीट मशीन बंद केलं, खुर्ची आत सारली अन् गेली.

आजकालच्या पोट्ट्यायले कोणी हात लावलेला चालत नाही. आमच्या उस्तादानं माझं अक्षर पुसलं तर मी पाया पडायचो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मयुरा तीन दिवस शाळेत नाही. जेवताना सिंधूले सारं सांगतलं. खरं म्हणजे ती माझी बाजू घेईन म्हणूनच सांगतलं. तिनं पोळी लाटता लाटता बेलणं थांबवलं.

"पाठमोरा होता म्हणता?"

"हो."

"कंपनीच्या बसमधून उतरते. अन् घरी येते."

"हो ना."

"अजी, बाप होय तो तिचा. अन् बाप आता नसन." मंग बेलणं माझ्याकडे रोखून म्हणे, "तुमच्या डोक्यात काय फ्लेक्स भरला आहे काय? पोट्टी दीड महिना सांगून राहिली, तो असाच चालते, असाच चालते. आणखी कसं सांगन ते लेकरू?"

ताट सारून उठलो. क्लासटीचरले फोन केला. खरं आहे. अंकुश नाव होतं. मागच्या मार्चात हार्टअटॅकनं गेले. साऱ्या शाळेले माहीत होतं. मी तासिकेचा माणूस, घंटीले येतो अन् घंटीले जातो, मी कधी विचारलंच नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सिंधूले घेऊन त्यायच्या घरी गेलो. एकट्यानं जायची हिंमत नव्हती. कोपरा आला अन् मी थबकलो, हातपंप जसाच्या तसा. पाणी टपकून राहिलं होतं.

सरिताबाई, मयुराची आई, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पॅकिंगमधी आहे. गळ्यात कंपनीचा बिल्ला तसाच. मयुरा आतल्या खोलीतून आलीच नाही. आईनंच पाणी दिलं, बसाले चटई दिली. मी माफी मागाले आलो होतो, शब्द जुळवून आलो होतो, पण ती बाई माझ्यावर रागावलीच नाही, त्यानं सारे शब्द पळाले.

ती म्हणे, "लहानपणी चिचेच्या झाडावरून पडले होते जी. हाड वाकडं जुळलं. चालीची त्यायले भल्ली लाज. मोबाइल निघाला का जागच्या जागी उभे राहून जायचे. लग्नातला व्हिडिओ आहे, तर त्याच्यात बसून. चालताना एकही नाही आमच्यापाशी. अन् आम्हाले तर त्यायची चालच ओळखीची. दीक्षाभूमीच्या गर्दीत हात सुटला तरी मी घाबरत नव्हती. हजार माणसात दुरून दिसे, हे येऊन राहिले म्हणून."

भिंतीवर बुद्धाच्या फोटोच्या बाजूले त्यायचा फोटो. मी पाह्यतो हे पाहून म्हणे, "तोही त्यायच्यासारखा नाही वाटत. बिल्ल्यावरचा फोटो होता, फ्लेक्सवाल्यानं मोठा करताना गोरा करून टाकला. गालावरचा तीळही काढला. पोट्टी म्हणे, आई, चेहरा राहू दे, मी बाबा चालीनं काढतो. रोज येऊन मले विचारे, खांदा किती वर जायचा? मी सांगो."

कोणता फ्लेक्सवाला, हे मी विचारलं नाही. मले रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, हातात पाण्याचा गिलास धरून रडलो. सिंधूनं गिलास काढून घेतला. मी आतल्या दाराकडे तोंड करून म्हटलं, "मयुरा, चूक माझी आहे वं बाई. मी तुले विचाराले पाहिजे होतं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज आली. माझ्याकडे पाह्यलं नाही, पण मशीनवर बसली. मी दुरूनच राह्यलो. दोन तास झाले. चार चित्रं काढली, चार खोडली. शेवटी मीच जवळ जाऊन खाली बसलो.

"सर, नाही आठवत आता," ती म्हणे. "आधी डोळे मिटले का बाबा दिसायचे. आता मिटले का तुमचा माणूसच चालते."

फाईल गेली ते एक. पोट्टीच्या डोळ्यातला बापही मी पुसला. आज टाचणवहीत काय लिहू ते सुचून नाही राहिलं. कोरी ठेवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पाच वाजताच कोपऱ्यावर जाऊन उभा राह्यलो, कारण सरिताबाईची बस साडेपाचले. म्हटलं, बाई, तुम्ही वीस वर्षं त्यायच्या बरोबरीनं चालल्या. तुम्ही शाळेत येऊन चालून दाखवता काय? तिले समजलंच नाही पह्यले. मंग पदर तोंडाले लावून हसली. "म्या? त्यायच्यासारखं? पोट्ट्यायसमोर? अव माय!" बस आली, चढली. खिडकीतून म्हणे, "उद्या सुट्टी आहे माही."

२० नोव्हेंबर, गुरुवार

आली. लग्नाले नेसतात तशी साडी नेसून आली. हातात थैली. सरायले विचारून लॅबसमोरचा व्हरांडा मोकळा करून घेतला होता. पोट्टे भिंतीले टेकून खाली बसले, मांडीवर पाटी-कागद. मी आधीच दम दिला होता का जो हसला त्याले वर्षभर माउस नाही.

सरिताबाई एका टोकाले उभी. चार पावलं टाकली अन् थांबली. लाजली. पुन्हा टाकली. ती लंगडली, पण ते लंगडण्याचं सोंग झालं, मलेही दिसलं. मयुरा कागदावर काही काढून नाही राहिली. बाईच्या डोळ्यात पाणी यायच्या बेतात. म्हणे, "नाही येत जी."

मंग तिनं थैली उघडली. आतून नवऱ्याच्या चपला काढल्या. जुन्या काळ्या, डावीची टाच बाहेरच्या बाजूनं पार घासून गेलेली. आपल्या चपला काढून ठेवल्या, त्या घातल्या. मोठ्या होत्या. चालाले लागली.

कशी सांगू? डावी चप्पल वाकडी होती, तर पायाले वाकडंच पडा लागलं. पाय उशिरा आला, म्हणून खांदा वर गेला. बाई सोंग करतच नव्हती, चप्पलच चालवून राहिली होती तिले. व्हरांडाभर गेली, वळली, आली. एकही पोट्टा हसला नाही. मी मोबाइल काढला व्हिडिओ घ्याले, तर मयुरानं हातानं नको म्हटलं. मी गपचूप खिशात ठेवला.

तिसऱ्या फेरीले मयुरा एकदम उभी झाली. "आई, हात! हात बाहेर टाक, फाटक ढकलल्यासारखा!"

"असा?"

"त्याच्याहून जास्त. बाबा भिंतीले पण लावून घ्यायचे."

"हो वं, कोपर नेहमी सोललेलं," अन् बाईनं हात फेकला, अन् दोघी मायलेकी हसाले लागल्या. हसता हसता बाई चालतच राह्यली. मयुरा खाली बसली अन् जे काढाले लागली ते मान वर केली नाही. पियूष न सांगता मोठ्यानं मोजून राहिला होता: एक, दोन, तीन. डाव्या पायापाशी तो थांबे, पाय पडला का मंग पुढचा आकडा.

मोजलं त्यानं. सतराच आले.

मी व्हरांड्याच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चाल पूर्ण झाली. आज मयुरानं स्वतःहून बोलावलं अन् विचारलं, "सर, पायाखालची सावली कशी काढता?" शिकवलं. माउसले हात लावला नाही, बोटानं हवेत दाखवलं. फाईल चार जागी ठेवली: दोन पेन ड्राइव्ह, सरायचा लॅपटॉप, माझ्या घरचं मशीन. सिंधू म्हणे, पाचवी माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झालं. बेसा गावाकडच्या एका शाळेच्या हॉलमधी होतं. पह्यला नंबर अंतराळयानाले गेला. जबरदस्त होतं, खोटं काहून बोलू. आमच्या टेबलावर परीक्षक आले. चांगले होते बिचारे, दोनदा पाह्यली फिल्म. गल्लीची तारीफ केली. मंग मले बाजूले घेऊन म्हणाले, "सर, वॉकमध्ये दोष आहे. डावा पाय उशिरा येतो. मुलांना बेसिक शिकवायला हवं."

म्हटलं, "हो जी. पाय उशिराच येते."

मयुरानं ऐकलं. पाच आठवड्यात पह्यल्यांदा माझ्याकडे सरळ पाह्यलं अन् हसली. पियूष मात्र परीक्षकायच्या मागं जाऊन पंधरा मिनिटं वाद घालून आला.

साडेपाचले आवराआवर सुरू झाली. टेबलं उचलली, पोट्टे बसमधी बसले. तेवढ्यात सरिताबाई धावत आली. ड्यूटी करून, दोन ऑटो बदलून. गळ्यात बिल्ला, हातात डबा. पूर्ण झालेली फिल्म तिनं पाह्यलीच नव्हती, मयुरानं घरी दाखवली नव्हती. पोट्टी म्हणे, तिथंच पाह्य. मी लावून दिली. मायलेकी समोर उभ्या. कोपऱ्यावर बस थांबली, माणूस उतरला, चालाले लागला. बाई डबा छातीशी धरून पाह्यत होती.

हॉलचा शिपाई आला. "चला सर, मेन स्विच बंद करतो." अर्धे लाइट गेलेच होते. मी हो म्हटलं अन् सवयीनं फिल्म बंद कराले माउसकडे हात नेला.

बाईनं माझा हात धरला. डोळे पडद्यावरच.

"थांबा जी," ती म्हणे. "घरापर्यंत पोहोचू द्या त्यायले."

मी हात मागं घेतला. शिपायाले खुणेनं थांब म्हटलं, तोही थांबला. ते पंपापाशी आले होते. दारापर्यंत अजून दोन घरं बाकी होती.